चौदा नंबरचा खांब

हर्षदा शिगवणला कुणी सहज म्हटलं, की आज वारा छान सुटलाय, तर ती लगेच विचारायची, "कुठल्या खांबावर?" चेष्टा नव्हती ती. खाडीकाठच्या त्या रासायनिक कारखान्यात चौदा खांब होते, प्रत्येकाच्या डोक्यावर वारा मोजणारं यंत्र होतं, आणि त्या यंत्रांवर नजर ठेवण्याचाच तिला पगार मिळत होता. संशय घेणं हा नोकरीचा भाग होता. पुढे पुढे तो स्वभावाचाही भाग झाला. भाजीवालीनं पाव किलो मिरच्या तोलल्या की ही काट्याकडे बघणार. बहिणीनं फोनवर "मी बरी आहे गं" म्हटलं की ही मागचे आवाज ऐकणार. आई म्हणायची, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे साक्षीला दोन माणसं घेऊन बसावं लागतं."

साल २०४३, महिना मार्च. कारखान्यात विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारं रसायन बनायचं आणि त्यासाठी हायड्रोजन फ्लोराइड नावाचा वायू लागायचा. मोठा खट वायू. काच खातो, झाडाची पानं जाळतो, आणि जास्त गेला तर माणसाच्या फुफ्फुसात पाणी करतो. वापरून उरलेला वायू चुन्याच्या पाण्यानं धुऊन घ्यायचे, तरी थोडा राहायचाच. तो उंच धुराड्यातून बाहेर सोडावा लागे. पूर्वी कधीही सोडायचे. मग दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात तो एका गावावर उतरला, माणसं गेली, आणि कायदा आला. वारा समुद्राकडे वाहत असेल तेव्हाच धुराड्याची झडप उघडायची. वारा कुठे वाहतोय ते माणसानं ठरवायचं नाही, यंत्रानं ठरवायचं. कारण माणसाला घाई असते.

त्या यंत्राचं नाव पवनपंच. सगळे नुसतं पंच म्हणायचे. तुम्ही उदबत्ती लावलीत आणि खोलीत पंखा फिरत असला, तर धूर कुठल्या कोपऱ्यात जाईल हे साधारण सांगता येतं; पंच तेच काम मैलोन्‌मैल करायचा. चौदा खांबांवरचे आकडे, डोंगरांचे चढउतार, खाडीच्या पाण्याचं तापमान, सगळं एकत्र करून आत्ता सोडलेला वायू तासाभरानं कुठे असेल हे तो सांगायचा. समुद्राकडे जाणार असेल तर परवाना, नाहीतर झडप बंद. पंच म्हणेल ती पूर्व दिशा.

पण त्याची खरी करामत वेगळीच होती. तो स्वभावानं हर्षदाचा सख्खा भाऊच. यंत्रांवरही संशय घ्यायचा. प्रत्येक यंत्राला आणि ते बसवणाऱ्या प्रत्येक माणसाला तो शंभरापैकी विश्वासगुण द्यायचा. ज्याचे गुण जास्त त्याचा आकडा खरा धरायचा, आणि बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी जुळवून घ्यायचा. हर्षदाला एक्क्याण्णव गुण होते. देवस्थळी साहेबांना, म्हणजे कारखान्याच्या सुरक्षाप्रमुखांना, अठ्ठ्याऐंशी. तिला मनातून बरं वाटायचं ते. का वाटू नये?

त्या सोमवारी दुपारी गेटवरून निरोप आला, की आत्माराम भुवड आलेत आणि तुम्हाला भेटल्याशिवाय हलत नाहीत.

हर्षदाच्या कपाळावर आठी आली. भुवडकाका म्हणजे तिच्या आधीचे खांबवाले. तेरा खांब त्यांनी स्वतःच्या हातानं उभे केलेले. तिला चढायला, पट्टा बांधायला, पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि जानेवारीत तिच्याच अहवालावरून त्यांची नोकरी गेली होती.

ते गेटबाहेर उभे होते. एका हातात आंब्याची डहाळी, दुसऱ्या हातात जुन्या लुंगीत गुंडाळलेली खिडकीची काच.

"बघ," ते म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

डहाळीच्या प्रत्येक पानाचं टोक करपलेलं होतं. काच पांढुरकी, धुरकट झाली होती. हर्षदानं नखानं खरवडून पाहिलं. जाईना.

"माझ्या घराची हाय. कंपनीच्या बाजूच्या खिडकीची. बाकी तिन्ही बाजूंच्या काचा चकचकीत. बाय, तुमचा वायू कातळवाडीवर येतोय."

"काका, झडप उघडी असताना वारा एकदाही कातळवाडीकडे गेलेला नाही. पंचाची नोंद आहे."

"पंच काय माझ्या पडवीत झोपतो?"

चोराच्या उलट्या बोंबा, हर्षदाच्या मनात आलं. असली धुरकट काच दुकानातही मिळते, न्हाणीघराला लावतात. पानांचं काय, शेकोटीवर धरली की झालं. नोकरी गेलेला माणूस काय वाटेल ते करेल. तिनं काच ठेवून घेतली, बघते म्हणाली आणि आत वळली.

"उद्या वायू पाच-पाच तास सोडणार हायत ना?" मागून काका म्हणाले. "टाक्या रिकाम्या करायच्यात. तुझ्या काकीला दोन महिने झाले, रात्रभर खोकते ती. एवढं तरी लक्षात ठेव."

जानेवारीत झालं ते असं. नोव्हेंबरात कंपनीनं धुराड्याशेजारी नवा तीस मीटरचा खांब उभा केला. चौदा नंबर. त्यावर नवं यंत्र, ज्याला फिरणारं पातं नाही की पंखा नाही. चार बोटांसारखे चार दांडे असतात, ते एकमेकांकडे बारीक आवाज फेकतात. आवाज वाऱ्याबरोबर गेला तर लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध गेला तर उशिरा. त्या फरकावरून वेग आणि दिशा कळते. फक्त बसवताना त्याच्यावरची तांबडी खूण बरोबर उत्तरेला करायची. बाकी सगळं ते बघतं. ते बसवलं हर्षदानं. प्रयोगशाळेचा ताजा दाखला असल्यामुळे पंचानं चौदा नंबरला शंभरपैकी शंभर दिले. तेरा जुन्या खांबांचे दाखले शिळे झाले होते. मग पंच त्या तेरांचे आकडे चौदाशी ताडून बघायला लागला आणि म्हणाला, तेराही चुकताहेत.

हर्षदा सहा नंबरच्या खांबाखाली जाऊन स्वतः उभी राहिली होती. वारा सरळ उत्तरेकडून येत होता, पातं पाइपांच्या रांगेवर नाक ठेवून उभं होतं, आणि आकडा मात्र शून्याऐवजी अडतीस. डोळ्यांनी पाहिलं तिनं. सात नंबर तसाच. नऊ नंबर तसाच. आळसानं चूक झाली असती तर प्रत्येक खांबाची वेगळी झाली असती. तेरा खांब सारखेच फिरलेत म्हणजे कुणीतरी मुद्दाम फिरवलेत. आणि भुवडकाका कातळवाडीचे. परवाने कमी मिळावेत, गावावर काही येऊ नये, म्हणून माणसानं हे केलं असणार. तिनं तसंच लिहिलं. काकांनी एवढंच विचारलं होतं, "तुला असं वाटतं?" तिनं अहवाल पुढे पाठवला होता.

गेटवरून ती सरळ देवस्थळी साहेबांकडे गेली.

"अहो, काढलेला माणूस आहे तो," साहेब हसले. "सुंठीवाचून खोकला गेला म्हणेपर्यंत परत खोकायला लागला. उद्या सात वाजता शटडाऊनचं काम आहे. एरवी पंधरा मिनिटं सोडतो, उद्या पाच तास. वरून, मुख्य कचेरीतून, लोक येणारेत. यात डोकं घालू नका." मग सहज विचारावं तसं विचारलं, "ती काच कुठे आहे? माझ्याकडे ठेवून जा."

"गेटवरच राहिली," हर्षदा म्हणाली. काच तिच्या हत्यारांच्या पेटीत होती. आपण खोटं का बोललो हे तिचं तिलाही कळलं नाही. पण खोट्या काचेची साहेबांना एवढी काय पडली होती?

झालं. किडा डोक्यात शिरला. तिनं खोलीत जाऊन पंचाच्या नोंदी उघडल्या. साहेबांनी कुठे हात घातलाय का, कुठला आकडा बदललाय का, सहा महिन्यांचं सगळं चाळलं. कुणीच हात घातलेला नव्हता. पंच स्वच्छ होता. फक्त दुसऱ्या एका रकान्यात तिची नजर अडकली. नोव्हेंबरापूर्वी महिन्याला अकरा-बारा परवाने मिळायचे. नोव्हेंबरानंतर सव्वीस, एकोणतीस, अठ्ठावीस. काकांची लबाडी उघडी पडली म्हणून परवाने वाढले, असं तिनं जानेवारीत धरलं होतं. आता तिला वाटलं, वारा तर तोच आहे. पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, तो काही नोव्हेंबरात नवा जन्मला नाही. मग सोळा-सतरा सकाळी जो वायू पूर्वी सोडण्यासारखा नव्हता, तो आता कुठे जातोय?

पाच वाजता सुटी झाल्यावर तिनं गेटवर ठेवलेला मोबाईल घेतला आणि घरी जाण्याऐवजी स्कूटर कातळवाडीच्या चढाला लावली.

कातळवाडी म्हणजे सड्यावरची, डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरची, साठ घरं. भुवडकाकांच्या अंगणात पाय ठेवला तसं काकीनं बघितलं आणि आत वळून पुटपुटली, "कानामागून आली नि तिखट झाली, ती हीच." मग तिला ढास लागली. भिंतीला धरून ती खोकत राहिली, डोळे लाल, ओठ सुकलेले. हर्षदाला बसवेना, उठवेना.

"कंपनीनं धाडलंय?" काकांनी विचारलं.

"नाही. काचा बघायला आलेय."

"बघ. फुकट हायत."

तिनं बघितल्या. एक घर नाही, अकरा घरं. लोकांच्या नजरा पाठीवर घेत ती दारोदार फिरली, हात लावून, नख लावून. अकराही घरांत कारखान्याकडच्या काचा धुरकट आणि बाकीच्या लख्ख. एक माणूस रागानं एका काचेवर तेजाब ओतेल. अकरा घरांच्या एकाच बाजूला रोज थोडं थोडं कोण ओतेल?

म्हणजे वायू येत होता. म्हणजे पंच खोटं बोलत होता. पण पंचाला तर कुणी हात लावला नव्हता.

"काका, खरं सांगा. तेरा खांब लावताना उत्तर कशी ठरवलीत तुम्ही?"

"दुपारी बाराला काठी रोवायची. सर्वांत आखूड सावली पडते ती उत्तर-दक्षिण. आतमध्ये एवढं लोखंड हाय, तिथे होकायंत्र वेडं होतं. तुला सांगितलेलं मी." ते थांबले. "तू कशी ठरवलीस?"

हर्षदा वळली. सड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली कारखाना दिसत होता. इथून तिनं तो कधीच बघितला नव्हता. आतून बघितला होता, उंच भिंत आणि सुरूच्या झाडांच्या रांगांच्या आतून, चार वर्षं. आणि आत मोबाईल नेता येत नसे. ठिणगीची भीती, सगळे गेटवर ठेवायचे. तिनं खिशातून मोबाईल काढला, नकाशा लावला, आणि कारखान्यावर बोट ठेवलं.

नकाशात कारखाना वाकडा पडला होता.

कुणी चटई टाकताना तिरकी टाकावी तसा. पाइपांची ती लांबच लांब रांग, जिला आत सगळे उत्तर-दक्षिण रांग म्हणायचे, ती उत्तरेला जातच नव्हती. ती ईशान्येकडे झुकली होती. तिनं कोन मोजला. अडतीस अंश.

त्याचं असं असतं, की जागा खाडीच्या काठानं तिरकी असली तर आराखडा काढणारे कागद तिरका धरत नाहीत. सोयीसाठी कारखाना कागदावर सरळ काढतात आणि वरच्या बाजूला एक बाण मारून म्हणतात, ही आपली उत्तर. त्या बाणावरून उत्तर गेट, दक्षिण गोदाम, पश्चिमेचं पंपघर अशी नावं पडतात. आत रोज काम करणाऱ्याला तीच खरी दिशा वाटायला लागते. साहेब तेच बोलतात, फिटर तेच बोलतात, कॅन्टीनवालासुद्धा तेच बोलतो. हर्षदानं नोव्हेंबरात तीस मीटरवर चढून, पाइपांच्या रांगेकडे बघत, तांबडी खूण त्या उत्तरेला लावली होती. वर गेल्यावर नजर हातावर ठेवायची, लांब बघायचं नाही, ही तिची शिस्त. म्हणून लांबचं काही दिसलं नव्हतं.

कातळावर वाळू नसते, पण तिच्या पायाखालची सरकली. वारा आग्नेयेकडून यायचा आणि ती म्हणायची पूर्वेकडून येतोय. वायू समुद्रावर चाललाय असं पंच समजायचा आणि तो वायव्येला जायचा, इथे, या अंगणात. तेरा खांब खरं सांगत होते. एका शंभर गुणांच्या खांबानं त्या तेरांना खोटं बोलायला शिकवलं होतं. आणि तो खांब तिचा.

"काका," ती म्हणाली. "तुमचे खांब बरोबर आहेत. चूक माझी आहे."

भुवडकाकांनी फक्त मान हलवली. राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"उद्या सातला झडप उघडणार," ती घाईघाईनं म्हणाली. "पाच तास. मी थांबवते. शब्द देते."

"बरं," काका म्हणाले. "थांबव."

ती भाजीवालीच्या काट्याकडे बघायची, तसे ते तिच्याकडे बघत होते.

अंधार पडायच्या आत ती परत कारखान्यात पोचली. तिच्या एक्क्याण्णव गुणांवर परवाना थांबवण्याचा अधिकार तिला होता. ऐंशीच्या वरच्या कुणालाही होता. तिनं पंचासमोर बसून अर्ज भरला. कारण: चौदा नंबरचं यंत्र बसवताना दिशा चुकली. चूक कुणाची: माझी.

पंचानं दोन सेकंद घेतले. मग तिचे गुण खाली आले. एक्क्याण्णवचे बावीस. आणि त्याखाली उत्तर आलं, की बावीस गुणांच्या व्यक्तीच्या सांगण्यावरून शंभर गुणांच्या यंत्रावर अविश्वास दाखवता येत नाही; अर्ज फेटाळला; चौकशी सात दिवसांत होईल.

हर्षदा हसली. खरंच हसली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली. खरं बोललं म्हणून खोटं ठरणं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं होतं. आणि भुवडकाकांना जानेवारीत काय वाटलं असेल, तेही तिला आत्ता पहिल्यांदा कळलं.

देवस्थळी साहेब अजून केबिनमध्येच होते. तिनं सांगितलं, की दिशा चुकली आहे, बसवतानाच चुकली आहे, गावावर जातोय सगळा वायू, आणि तुमच्या अठ्ठ्याऐंशी गुणांवर तुम्ही तो थांबवू शकता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असं करा," ते म्हणाले. "माझं नाव कुठे नको. तुम्हीच नवा अर्ज भरा. यंत्राशी बाहेरच्या माणसानं छेडछाड केल्याचा संशय. घातपाताचा नुसता संशय असला तरी पंच ताबडतोब सगळं बंद करतो, तिथे गुण बघत नाही. तुमचे गुणही परत येतील. गाव वाचेल, तुम्ही वाचाल."

"बाहेरचा माणूस कोण?"

"भुवड. त्याची नोकरी तर गेलीच आहे. त्याचं आणखी काय जायचंय?"

"पोलीस धरतील त्यांना."

"धरतील, सोडतील. बघा बुवा. गावात साठ घरं आहेत. एका माणसासाठी साठ घरं? अडतीस अंश म्हणजे काही थोडा फरक नाही."

हर्षदा उठता उठता थांबली. दिशा चुकली एवढंच तिनं सांगितलं होतं. अर्जातही तेवढंच होतं, आणि जानेवारीच्या अहवालातही 'सगळे सारखेच फिरलेत' एवढंच तिनं लिहिलं होतं. किती अंशांनी, ते ती अजून कुणाजवळही बोलली नव्हती.

"तुम्हाला कधी कळलं, सर?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "सकाळी सांगते."

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. अर्ज भरायला एक मिनिट पुरलं असतं. गाव वाचलं असतं, हे खरंच होतं; देवस्थळी त्यात खोटं बोलत नव्हते. पण ज्या माणसाचं नाव तिनं एकदा चिखलात घातलं होतं, तेच पुन्हा घालायचं? आणि यंत्र फिरलेलं तसंच ठेवून? घातपाताची चौकशी संपली की पंच पुन्हा त्या खांबाचंच ऐकणार, आणि महिन्याला तीस परवाने पुन्हा सुरू. पहाटे तिला सुचलं. पंचाला पटवायचं कशाला? त्याला संशयात पाडायचं. तेरा खांब आता चौदाचंच बोलतात. चौदा खरा झाला, तर तेरा आणि एक यांचं भांडण लागेल. आणि शंभर गुणांचा आकडा असा अचानक उडाला, की पंच आधी झडप बंद करतो, जुळवाजुळव नंतर. तो नियम तिला तोंडपाठ होता.

पावणेसातला ती गेटवर होती. फिरत्या दरवाजानं तिला आत घेतलं नाही. बावीस गुण.

"रेडीज, मला आत सोडा."

"बाई, मशीन अडवतंय. मी कुठे अडवतोय?" चौकीदार रेडीज म्हणाला. त्यानं तिचा चेहरा बघितला, हातातला पाना बघितला. विचार करण्यात त्यानं सात मिनिटं घालवली. हर्षदा कळवळून सांगत होती आणि तो कान खाजवत होता. शेवटी म्हणाला, "मी जरा पाणी पिऊन येतो." जाताना सामानाच्या गाड्यांचं फाटक उघडं ठेवून गेला.

ती धावली. निम्म्या शिडीवर असताना सातचा भोंगा वाजला आणि शेजारच्या धुराड्याची झडप खडखडत उघडली. वर काहीच दिसलं नाही. धूर नाही, रंग नाही. त्या वायूचं तेच तर वाईट असतं. फक्त धुराड्यावरची वाऱ्याची कापडी पिशवी फुगून सड्याकडे सरळ झाली होती.

तीस मीटरवर तिनं पट्टा अडकवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा लांब बघितलं. काल नकाशावर तिनं खांबापासून सरळ उत्तरेला रेघ ओढून ठेवली होती. ती खाडीपलीकडच्या डोंगरावरच्या मोबाईलच्या मनोऱ्याला लागत होती. तो मनोरा तिला दिसला. आणि डावीकडे सड्याची कड दिसली.

कडेवरून माणसं चालली होती. रांग लागली होती त्यांची. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, एका खुर्चीत बसवून चौघांनी उचललेलं कुणी म्हातारं. सगळी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर चालली होती, वाऱ्याच्या वाटेतून बाहेर. कातळवाडी रिकामी होत आली होती.

भुवडकाकांनी तिचा शब्द धरला नव्हता. रात्रीतून साठ घरं उठवली होती त्यांनी. हर्षदाला त्या उंचीवर हुंदका फुटला. बरं केलंत काका, ती मोठ्यानं म्हणाली, फार बरं केलंत.

चार बोल्ट होते. पहिला गंजला होता, पाना दोनदा घसरला, बोटाचं साल निघालं. चौथा सुटला तसं तिनं दोन्ही हातांनी यंत्र धरलं आणि तांबडी खूण पाइपांच्या रांगेवरून फिरवत त्या मनोऱ्यावर आणली. मग बोल्ट आवळले, हात दुखेपर्यंत. पंचाला आपल्या सर्वांत लाडक्या खांबाचा आकडा एकदम अडतीसनं बदललेला दिसला असणार. तेरा एक सांगताहेत, चौदावा दुसरं. कुणाचं खरं? त्यानं अर्धं मिनिट घेतलं असेल. मग झडप बंद झाली आणि कर्ण्यावरून सूचना आली, की वाऱ्याबाबत खात्री नाही. पुढील आदेशापर्यंत वायू सोडू नये.

सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

खाली देवस्थळी साहेब, दोन रखवालदार आणि मुख्य कचेरीतून आलेले लोक उभे होते.

"सुरक्षायंत्राशी छेडछाड," साहेब म्हणाले. "फौजदारी गुन्हा आहे हा. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे. लिहून घ्या."

साहेब जवळ आले, आवाज उतरवला. "अजूनही वेळ गेलेली नाही. भुवडनं सांगितलं म्हणून केलं, एवढं म्हणा."

"ते नाव पुन्हा घेतलंत, सर, तर अडतीसचा आकडा तुम्हाला कुणी सांगितला, हे मी या सगळ्यांसमोर विचारेन."

साहेब मागे सरले. कचेरीतून आलेल्यांपैकी एका बाईंनी मात्र तो आकडा ऐकला आणि वहीत टिपला.

पोलिसांनी दुपारपर्यंत बसवून जबाब घेतला. गाव सोडायचं नाही अशा अटीवर तिला सोडलं. नोकरीवरून काढल्याचं पत्र मोबाईलवर आलंच होतं. ते तिनं उघडलं नाही. ती खालच्या गावातल्या शाळेत गेली. कातळवाडीची माणसं तिथे व्हरांड्यात, पटांगणात, जिथं सावली मिळेल तिथं बसली होती. काकी भिंतीला टेकून डोळे मिटून पडली होती.

भुवडकाकांनी तिला फाटकातच अडवलं.

"थांबवलंस?"

"अकरा मिनिटं उशीर झाला."

"मी धरून चाललेलो," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. "माझे तेरा खांब?"

"तेराही बरोबर होते, काका. काल सांगितलं मी."

"काल मला एकट्याला सांगितलंस. अंगणात. जानेवारीत मात्र कागदावर लिहिलंस, आणि तो कागद तालुक्यापर्यंत गेला. आता हे पण लिही."

शाळेतून कुणीतरी वहीचं पान आणून दिलं. हर्षदानं पायरीवर बसून लिहिलं. काकांनी ते घेतलं, हात लांब करून वाचलं, पुन्हा वाचलं. मग परत तिच्या हातात दिलं.

"तारीख घाल."

तिनं तारीख घातली.

"सही."

तिनं सही केली.

"आता उभी राहा आणि मोठ्यानं वाच. या सगळ्यांना वाटत होतं, आत्माराम भुवड चोर हाय."

हर्षदा उभी राहिली. पटांगणातली कुजबुज थांबली. तिनं वाचायला सुरुवात केली, की मी, हर्षदा दत्ताराम शिगवण, नोव्हेंबर महिन्यात चौदा नंबरच्या खांबावरचं यंत्र चुकीच्या दिशेनं बसवलं, आणि ती चूक आत्माराम भुवड यांच्यावर घातली. त्यांचे तेरा खांब बरोबर होते. पुढच्या ओळीवर तिचा आवाज बसला, पण तिनं शेवटपर्यंत नेलं. एक पोर तेवढं रडत होतं.

मागून, व्हरांड्यातल्या टोकाला बसलेली एक बाई म्हणाली, "इथं ऐकू नाय आलं. परत वाच."

हर्षदानं घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून परत वाचलं.